वेगळं ताट

"तुझं वेगळं करतोय हं आम्ही, तू अजिबात काळजी करू नकोस," सेक्रेटरीण फोनवर म्हणाली आणि इकडे ऐकणाऱ्या तिच्या हातातली तापवलेली सुरी मेणात नको तितकी आत गेली. नुकतीच बसवलेली दाढ कलली. समोर प्लास्टरचा जबडा, त्यावर मेणाची गुलाबी हिरडी, हिरडीत अर्धेच दात, शेजारी स्पिरिटचा दिवा, आणि कानात ही बाई. काळजी कसली, असं ती विचारणार होती. पण पलीकडून भरभरून येतच होतं. रविवारी दुपारचं पक्कं झालंय, सगळे येतायत, लंबूसुद्धा येतोय, मोशायचे सगळे पदार्थ करायचे, मोहरीतला मासा, दह्यातला मासा, नारळाच्या दुधातली कोळंबी, काही म्हणजे काही सोडायचं नाही. आणि तिच्यासाठी पनीर आणि फ्लॉवर. "कांदा-लसूणसुद्धा नाही घालणार. भांडीसुद्धा नवी काढलीयत. आम्हाला कळतं गं." "बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला. लॅबमधल्या शेजारच्या टेबलावर कोणीतरी कवळी घासायचं यंत्र चालू केलं आणि त्या घरघरीत तिला आपलंच 'बरं' पुन्हा ऐकू आलं. कुठून आलं हे? आत तर असलं काही नव्हतं. आत तळपायापासून वर काहीतरी चढत निघालं होतं. पण तोंडाला सवय असते, मन पोचायच्या आत तोंड बोलून मोकळं होतं. तिनं कललेली दाढ उपटून काढली, मेण गरम केलं, ती पुन्हा बसवली, तर ती आता दुसऱ्या बाजूला कलली.

आणि गंमत अशी, गंमत कसली, थट्टाच सगळी, की ती या जेवणाची वाट बघत होती. मोशाय म्हणजे तिचा नवरा. बंगाली. कॉलेजातल्या मित्रांनी ठेवलेल्या या नावावर तो आधी वैतागायचा आणि पुढे तेच मिरवायला लागला. गेल्या वर्षी ऑफिसच्या जिन्यात छातीवर हात धरून खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या आधी दरवर्षी थंडी पडली की एका रविवारी सगळी टोळी त्यांच्या घरी जमायची. सेक्रेटरी, जो कॉलेजात कुठल्याशा मंडळाचा सेक्रेटरी झाला तो आजतागायत त्या पदावरून उतरलेला नाही. त्याची बायको, म्हणून सेक्रेटरीण. लंबू, जो दारातून आत येताना अजूनही डोकं वाकवतो, दार कितीही उंच असलं तरी. मोशाय हातात मोठा डाव घेऊन, कमरेला तिचा अॅप्रन बांधून, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि बोलायचा. आत मोहरी ती वाटायची. हिरव्या मिरच्या आणि मीठ घालून, पाण्याचा हबका मारत, पाट्यावर, कारण नुसती कोरडी वाटली की मोहरी कडू होते. हे सासूबाईंनी तिला शिकवलं होतं. माशाला हळद चोळायची ती, तेल धूर येईपर्यंत तापवायची ती, आणि शेवटी झाकण काढायचा तो. "मोशायचा मासा!" टोळी ओरडायची. तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. खरंच नाही. कारण मग सगळे मांडीला मांडी लावून बसायचे, हात कोपरापर्यंत बरबटायचे, काटे ताटाच्या कडेला रचले जायचे, आणि मोशाय डोकं घ्यायचा. डोकं त्याचं. ते चोखताना तो जे आवाज काढायचा त्यावर लंबू दरवर्षी तोच विनोद करायचा आणि दरवर्षी सगळे हसायचे. ती पोटाकडचा तुकडा घ्यायची. चरबीचा, मऊ. त्याच्या आठवणीनं आत्तासुद्धा, प्लास्टरच्या परक्या जबड्यासमोर बसून, तिच्या तोंडाला पाणी सुटलं. एकटीसाठी एवढा मासा कोण आणतं? वर्षभर तिनं आणला नव्हता. म्हणून सेक्रेटरीनं जेव्हा सांगितलं की या वर्षी आमच्याकडे करू, त्याच्या आठवणीनं, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. दुःख नव्हतं वाटलं, भूक लागली होती. आपण आदल्या दिवशी जाऊन मोहरी वाटून देऊ, असंसुद्धा ती ठरवून बसली होती.

आणि आता पनीर. पनीरमध्ये वाईट काही नाही. पण फ्लॉवर? तिनं आयुष्यात कधी फ्लॉवर आवडीनं खाल्ला होता? त्या घरात कुणाच्या तरी डोक्यात आलं, कुणीतरी मान डोलावली, कुणीतरी बाजारातून नवी भांडी आणली, आणि एवढ्या सगळ्या माणसांत एकालाही वाटलं नाही की तिला एक फोन करून विचारावं, काय गं, तू मासे खातेस ना अजून? अजून! जणू मासे खाणं ही नवऱ्याबरोबर आलेली सवलत होती आणि त्याच्याबरोबरच संपली. तिला सोवळ्यात बसवून टाकलं होतं. तेही प्रेमानं, भांडी नवी काढून. कुणी तुसडेपणानं केलं असतं तर चार शब्द सुनावता आले असते. प्रेमानं केलेल्या अपमानाला उत्तर काय द्यायचं? तोंडात साखर कोंबून गाल फाटले तरी हसायचं?

याचं मूळ तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं हेच सगळ्यात जास्त झोंबत होतं. मूळ मोशाय. त्याची ती गोष्ट. दरवर्षी जेवणं निम्म्यावर आली, पहिली भूक भागली, की तो हात थांबवून ती सांगायचा. वडील गेले त्या दिवशी आईनं मासे सोडले. त्यांच्याकडे जुन्या घरांत बायकांची तशी रीतच. आई तेव्हा तरुण होती, मोशाय शाळेत. पण मुलांसाठी तिनं मासा करणं कधी सोडलं नाही. "मीठ चाखायची नाही, फक्त वास घ्यायची," तो म्हणायचा आणि डोळे मिटून नाकानं दीर्घ श्वास ओढून दाखवायचा, "झाकण काढायची, अशी, आणि वासावरून सांगायची, मीठ कमी आहे." मग थांबायचा. थांबावं कुठे हे त्याला बरोबर कळायचं. सेक्रेटरीणीच्या डोळ्यांत पाणी यायचं. लंबू उगाच पाणी प्यायचा. मोहरीला लावायचं मीठ-मिरची तो या गोष्टीला लावायचा, आणि गोष्ट दरवर्षी जास्त चवदार होत जायची. आणि ती? तीही ऐकायची. तिला ती गोष्ट पुढे ठाऊक होती, कारण पुढची गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर घडलेली. मोशाय ती कधी सांगत नव्हता. गोष्टीचं शेपूट त्यानं कापून टाकलं होतं.

सासूबाई शेवटची काही वर्षं त्यांच्याकडे होत्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या साडीतल्या, तोंडात एकही दात नाही म्हणून सुनेनं करून दिलेली कवळी डबीत ठेवून बोळक्या तोंडानं हसणाऱ्या. स्वयंपाक त्यांचाच. एका रविवारी मोशायच्या अंगात आलं. सकाळपासून तो कशावर तरी तावातावानं बोलत होता, रूढी, अन्याय, आपली पिढी, असं काहीबाही. जेवायला बसल्यावर त्यानं आपल्या ताटातला पोटाकडचा तुकडा उचलला आणि आईच्या भातावर ठेवला. "मा, खा," तो म्हणाला. "मी सांगतो, खा." सासूबाई त्या तुकड्याकडे बघत राहिल्या. रस्सा पांढऱ्या भातात उतरत गेला, पिवळा. "तू सांगतोस?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी ताट असं काही ढकललं की ते टेबलावरून घसरत जाऊन पाण्याच्या जगवर आपटलं. "तेव्हा तुझा काका म्हणाला, सोड. आता तू म्हणतोस, धर. मला कोणी विचारलं? तेव्हा कोणी विचारलं? आता कोण विचारतंय?" एवढ्याशा बाईचा एवढा आवाज. मोशाय लाल झाला. आपण केवढं मोठं काम करतोय आणि ही बाई काय बोलतेय, असा त्याचा चेहरा. तो उठून बाल्कनीत गेला. फडकं घेऊन भात पुसायचं काम अर्थातच सुनेकडे आलं. स्वयंपाकघरात सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, खांदे हलत होते. रडत असतील असं तिला वाटलं, पण रडत नव्हत्या, रागानं थरथरत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी कढईतला दुसरा पोटाकडचा तुकडा काढून तिच्यासमोर धरला. "तू खा. गार झालं की तेल थिजतं." तिनं तिथेच ओट्याशी उभं राहून तो खाल्ला आणि सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, चावण्याकडे, गिळण्याकडे. "मीठ?" त्यांनी विचारलं. "बरोबर आहे," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि आपला उकडलेला बटाटा कुस्करायला घेतला. वासावरून कळतं म्हणे! वासावरून कळत असतं तर त्या रोज, एकही दिवस न चुकता, तिला मीठ कशाला विचारत बसल्या असत्या?

गुरुवारी संध्याकाळी सेक्रेटरी घरी आला, मोशायचा फोटो मागायला. मोठा करून चौकटीत बसवायचा होता. तिनं ठरवलंच होतं की आता सांगायचं, तोंडावर, सरळ. चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि त्यानं पहिला घोट घ्यायच्या आत म्हणाली, "मी मासे खाते." सेक्रेटरीनं कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर असा काही ओलावा पसरला की तिला तो कप त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. "वहिनी," तो म्हणाला, "आमच्यासमोर मन मोठं करून दाखवायची गरज नाही. आम्ही काय परके आहोत? तुम्ही खाल्लंत नाहीत म्हणून आम्हाला अवघड वाटेल, असं वाटतंय ना तुम्हाला? अजिबात नाही. उलट." "अहो, अवघड वगैरे काही नाही. मी खाते. मला आवडतात." "मोशाय नेहमी सांगायचा ना आईचं," सेक्रेटरी पुढे बोलतच होता, "आम्ही विसरलेलो नाही. त्याच्या घरची रीत ती आमची रीत." "पण ती रीत मी..." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लंबू बाजारातून विचारत होता, रविवारसाठी केवढा मासा सांगून ठेवू, डोक्यासकट सांगू ना? "डोक्यासकट!" सेक्रेटरी ओरडला. "डोक्याशिवाय मोशाय कसला?" मग फोटो घेऊन, जिना उतरता उतरता, खालून पुन्हा म्हणाला, "निश्चिंत या, वहिनी!" ती दारात उभी राहिली. त्याच्या घरची रीत! मोशायच्याच घरात, तो गेल्यानंतरच्या आठवड्यात, शेजारच्यांनी आणून दिलेली पथ्याची खिचडी खाऊन खाऊन जीव विटला तेव्हा, तिनं भर दुपारी कपाटातला माशांचा सीलबंद डबा उघडला होता आणि ओट्याशी उभी राहून चमच्यानं तेलासकट संपवला होता. आणि बरं वाटलं होतं. त्या दिवसांत बरं वाटलेली ती एकच गोष्ट. ती कुणाला सांगायची? सांगितली असती तर हेच लोक म्हणाले असते, बिचारीला भान नव्हतं. भान होतं. खारट होता तो, हेसुद्धा तिच्या लक्षात होतं.

जायचंच नाही, असं तिनं शुक्रवारी ठरवलं. शनिवारी कामावर बसून एका म्हाताऱ्याची कवळी पुरी केली. डॉक्टरांनी निरोप दिला होता की हा माणूस डाव्या बाजूनंच चावतो, तिकडचं जपून करा. ती मेणात दात रोवत राहिली. हा माणूस कोण, तिला ठाऊक नव्हतं. पण हा काय खाणार आहे हे कोणी ठरवून दिलं नव्हतं, दात करून द्या म्हणाले होते फक्त. कवळी बसली की तो हाडूक फोडो नाही तर केळं कुस्करो. दिवसभर ती हेच करते, लोकांना चावता यावं म्हणून दात रोवते, आणि रविवारी जाऊन स्वतः फ्लॉवर खायचा? न गेल्यावर काय होईल तेही तिला दिसत होतं. म्हणतील, सोसवलं नाही तिला. हळू आवाजात म्हणतील, आणि तिच्या नावानं अजून एकदा डोळे ओले करतील. घरी बसूनही ती त्यांच्या गोष्टीतच बसलेली असणार होती. तिनं ब्रशनं टेबलावरचे मेणाचे तुकडे गोळा केले आणि दिवा विझवला. पोटात कडकडून भूक होती, आणि ती भूक रागाची की नुसती भूक हे तिचं तिला सांगता आलं नसतं.

रविवारी सेक्रेटरीच्या घराचं दार उघडलं आणि आधी वास आला. कोरडी वाटलेली मोहरी. मिक्सरमध्ये, मिरचीशिवाय. तिच्या नाकाला कळलं, कुणाला काही सांगावं लागलं नाही. "यूट्यूबवर बघून केलं, वहिनी," लंबू वाकत दारात आला, हातात डाव, कमरेला अॅप्रन, अगदी मोशायसारखा. क्षणभर वाटलं जाऊ दे, यांनी केवढा खटाटोप केलाय, फ्लॉवर तर फ्लॉवर. मग तिला टेबल दिसलं. एका टोकाला, बाकीच्यांपासून हातभर अंतरावर, तिची खुर्ची. तिच्यासमोर झाकलेलं ताट. मागच्या बुटक्या कपाटावर मोशायचा फोटो, केवढा तरी मोठा, हसरा, आणि फोटोपुढे पहिलं वाढलेलं ताट. भात, रस्सा आणि भातावर तिरपं ठेवलेलं माशाचं डोकं, उघड्या तोंडाचं. मेलेल्या माणसाला डोकं, आणि जिवंत बाईला बदामाचे काप घातलेलं पनीर. "बस ना," सेक्रेटरीणीनं तिला खांद्याला धरून बसवलं आणि झाकण काढलं. "मुद्दाम आधी केलं हं तुझं. माशाचा हातसुद्धा लागू दिला नाही."

सगळे बसले. हात सरसावले. पण सेक्रेटरी उभा राहिला. ती समजली. नको, असं तिला म्हणायचं होतं, पण तो सुरू झालासुद्धा. "आज मोशाय असता तर त्यानं काय सांगितलं असतं, आपल्याला माहीत आहे." आणि त्यानं सांगितली, सगळी, तीच, वडील गेले त्या दिवसापासून. डोळे मिटून नाकानं श्वासही ओढला. थांबला, तिथेच, जिथे मोशाय थांबायचा. मग नवीन काहीतरी जोडलं. "आणि आज आपल्या वहिनी..." एवढंच म्हणून त्यानं तिच्याकडे हात केला, आणि टेबलावरचे सगळे डोळे तिच्याकडे वळले, पाणावलेले, आदरानं भरलेले. कुणी तरी नाक ओढलं. तिला आपल्या समोरचं पनीर दिसलं, पांढरं, चौकोनी.

"पुढचं सांगा ना," ती म्हणाली.

"पुढचं?"

"त्या गोष्टीला पुढे आहे. मोशायनं पोटाकडचा तुकडा आईच्या ताटात टाकला आणि म्हणाला, मी सांगतो, खा. सासूबाईंनी ताट ढकलून दिलं. भात सगळीकडे. म्हणाल्या, सोड म्हणणारे तुम्ही, धर म्हणणारे तुम्ही, मला कोणी विचारलं का? मी पुसला तो भात. हे नाही सांगितलं त्यानं तुम्हाला कधी." तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "तुम्ही खरेदी केली, भांडी आणली, फोटो मोठा केला. एक फोन करून विचारायला काय झालं होतं?"

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..." सेक्रेटरीण म्हणाली.

"वाटलं."

लंबूनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. ती खुर्ची मागे सरकवून उठली, कपाटापाशी गेली आणि मोशायच्या फोटोपुढचं ताट दोन्ही हातांनी उचललं. "वहिनी, ते त्याचं..." सेक्रेटरीच्या तोंडून निघालं आणि मधेच राहिलं. तिनं मोशायकडे पाहिलं. हसतच होता. हसू दे. तिनं ताट आणून आपल्या जागी ठेवलं, पनीर बाजूला सारलं, बाह्या वर केल्या आणि डोकं हातात घेतलं. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. डोकं त्याचं असायचं. पण जबडा कुठे सुटतो हे तिला कळत होतं. अंगठे सांध्यात घालून तिनं तो उकलला, कटकन आवाज झाला, आणि सेक्रेटरीण दचकली. गालाचं मांस निघालं, मऊ, चिकट. ती चोखायला लागली तसा आवाज व्हायला लागला, तोच, मोशायचा. त्यावर लंबूचा विनोद होता, पण लंबू तोंड घट्ट मिटून ताटाकडे बघत होता. रस्सा मनगटावरून ओघळला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही, हात बरबटलेले होते म्हणून. काय समजायचं ते समजा. ती खात राहिली, हाडाच्या फटीफटीतून, घाई न करता, शेवटचं पांढरं चोखून होईपर्यंत, आणि काटे ताटाच्या कडेला एकेक रचून ठेवले.

"मोहरी कडू झालीय," ती म्हणाली. "वाटताना मिरची आणि मीठ घालायचं असतं. पुढच्या वेळी मी येईन वाटायला. आता पोटाकडचा तुकडा द्या. आणि भात."

सेक्रेटरीण उठली. तिनं मोठ्या पातेल्यातून तुकडा शोधून काढला, हिच्या ताटात ठेवला, भाताचा डाव भरून घेतला आणि ताटावर धरून थांबली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"किती वाढू?" तिनं विचारलं.

"विचारलंस ना," ती म्हणाली, "मग मी पुरे म्हणेपर्यंत वाढ."